भुकेची आठवण आणि मुलाचे ताट

मुलाने ताटात चार घास सोडले की घरात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मुलाला त्याची भूक कळते, आग्रह करू नका, बळेच भरवलेला घास त्याला जेवणाचा तिटकाराच शिकवील. दुसऱ्या तटाने लहानपणी खरोखर उपाशी दिवस काढलेले असतात आणि त्याचे उत्तर एका वाक्याचे असते: तुम्हाला उपास ठाऊक आहे, उपासमार ठाऊक नाही. इथून पुढे वाद सरकत नाही, कारण पहिल्या तटाला दुसऱ्याची आठवण हा आजार वाटतो आणि दुसऱ्याला ती अधिकारपत्र वाटते. आजाऱ्याशी कोणी वाद घालत नाही, आणि अधिकारपत्र जवळ असणाऱ्याला वाद घालण्याची गरज वाटत नाही. ज्या मुलावरून हे सगळे चालले आहे ते मात्र निवत चाललेल्या ताटासमोर बसून राहते.

माझ्या मते दोन्ही तटांची चूक एकच आहे. भूक म्हणजे पोटात अन्न कमी पडणे, असे दोघेही धरून चालतात. म्हणून एक सांगतो की आता अन्न भरपूर आहे, जुनी भीती सोडा; आणि दुसरा सांगतो की अन्न समोर आहे तोवर पोट भरून घ्या. लहानपणी सोसलेल्या भुकेतून माणसात जे उरते त्यात पोटाचा भाग थोडा असतो. पुढचे जेवण येणार की नाही हे आधी कळायला काही मार्ग नव्हता, ही त्यातली खरी जखम. उणीव जर या खात्रीचीच असेल, म्हणजे पुढचे जेवण येणारच या भरवशाची, तर घास वाढवून ती भरून निघणार नाही, ना स्वतःची, ना पुढच्या पिढीची. उपाशी बालपण काढलेल्या आईबापांनी मुलाला द्यावी ती खात्री. आणि त्यांना शिकवायला निघालेल्यांनी आधी मान्य करावे की त्यांचा आग्रह अडाणीपणातून आलेला नसून एका चोख हिशेबातून आलेला आहे. तो हिशेब ज्या परिस्थितीचा होता ती बदलली, एवढेच.

माझ्या वडिलांच्या लहानपणी सलग दोन वर्षे अशी गेली की रात्रीचे जेवण आहे की नाही हे छपरातून धूर निघतो का यावरून कळत असे. संध्याकाळी खेळता खेळता ही भावंडे मधूनच घराकडे वळून बघत. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही दुसऱ्याच कशावरून तरी बोलणे निघाले तेव्हा. पण नात जेवायला बसली की ते समोर येऊन बसतात, आणि तिच्या तोंडाशी घास जाताना त्यांचेही तोंड नकळत उघडते. "आजोबा, माझं पोट भरलं," असे ती म्हणाली की ते म्हणतात, "बरं, मग हे दोनच घास." दोनाचे चार होतात. तरीही जे उरते ते स्वयंपाकघरात नेऊन, दिवा न लावता, उभ्या उभ्या खातात. मी बरीच वर्षे याला हट्ट समजत होतो. हट्ट असता तर इतक्या वर्षांच्या समजावण्याने तो थोडा तरी सैल झाला असता.

भूक माणसाच्या वागण्यात किती खोल उतरते, याचा सर्वांत काटेकोर पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीचा आहे. युरोपात खंगलेल्या लोकांना पुन्हा खाऊपिऊ घालून सावरावे कसे, हे जाणून घेण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ पासून ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. सदसद्विवेकाला स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे स्वयंसेवक होते. २४ आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १,५७० कॅलरींचा आहार मिळाला आणि त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले. वजन घटणारच होते. नवल वागण्यातल्या बदलाचे होते. ही मंडळी ताटे चाटू लागली, एकेक जेवण दोन-दोन तास पुरवू लागली, अन्नात पाणी घालून ते वाढल्यासारखे करू लागली, पाककृतींची पुस्तके गोळा करून रात्री वाचू लागली. अन्न पुन्हा वाढवल्यावरही कित्येक जण भरपेट जेवून उठताना भूक शमली नाही असे सांगत. हे प्रौढ होते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते, आणि मुख्य म्हणजे उपासमार कोणत्या तारखेला संपणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते.

सात वर्षांच्या मुलाला अशी तारीख कोण सांगतो? लेनिनग्राडच्या वेढ्यात नोव्हेंबर-डिसेंबर १९४१ मध्ये मुलांच्या वाट्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव येत होता, तोही भेसळीचा. तो वेढा ८७२ दिवस चालला असे आपण वाचतो. पण आत अडकलेल्या मुलासाठी तो ८७२ दिवसांचा नव्हता, कारण हा आकडा वेढा उठल्यावरच मोजता येतो. बंगालमधील १९४३ चा दुष्काळ लहान वयात पाहिलेल्या अमर्त्य सेन यांनी पुढे १९८१ मध्ये मांडले की दुष्काळात अन्न मुळातच नाहीसे होते असे नाही; समाजातील काहींची ते मिळवण्याची ऐपत आणि त्यावरचा हक्क कोसळतो. अर्थशास्त्रातील हे म्हणणे घराच्या उंबरठ्याच्या आत आणून पाहावे. दुकानात धान्याची पोती दिसतात, शेजारच्या घरातून शिजल्याचा वास येतो, तरी आपल्या ताटात काही पडत नाही, हे ज्या मुलाने पाहिले ते मोठेपणी 'अन्न आहे' एवढ्यावर निर्धास्त कसे होईल? अन्न तेव्हाही होतेच. म्हणून भरलेले फडताळ उघडून दाखवून "आता कशाची काळजी?" असे अशा माणसाला विचारणे फोल आहे.

आता आग्रहाच्या बाजूने जे सर्वांत भक्कम बोलता येईल ते आधी बोलू. मानवी इतिहासाच्या बहुतांश काळात मुलाला दोन घास जास्त भरवणे हा विमा होता. कुपोषित शरीर संसर्गाला लवकर बळी पडते, संसर्गाने भूक मरते, आणि भूक मेली की कुपोषण वाढते. सिसिली विल्यम्स या डॉक्टर महिलेने १९३३ मध्ये आजच्या घानामधील मुलांच्या ज्या आजाराचे वर्णन केले त्याचे तिथले नाव क्वाशिओरकोर. धाकटे भावंड आल्यामुळे अंगावरचे दूध तुटलेल्या मुलाचा आजार, असा त्या शब्दाचा आशय. अशा मुलांना अन्न नकोसे होते. तीव्र कुपोषित मुलावर घरी उपचार करता येतील की त्याला दाखल करावे लागेल, हे ठरवताना आजही त्याच्या भुकेची चाचणी घेतात: उपचारासाठीचे खाद्य त्याच्यासमोर धरायचे आणि ते खाते की तोंड फिरवते हे पाहायचे. म्हणजे अन्नाची निकड जिथे सर्वांत मोठी, तिथेच भूक सर्वांत बेभरवशाची. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगातील पाच वर्षांखालील सुमारे १४ कोटी ८० लाख मुले वाढ खुंटलेली होती. 'मुलाला त्याची भूक कळते' हे सूत्र डोळे मिटून या मुलांना लावणे क्रूरपणाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शनही मुलाला त्याच्यावर सोडून द्या असे म्हणत नाही. हळूहळू, धीराने भरवा, उत्तेजन द्या, पण सक्ती करू नका, असे म्हणते. या वाक्यातला पहिला भाग एक तट विसरतो, शेवटचा भाग दुसरा.

दुसरा मुद्दा पैशाचा आहे आणि तो मला अधिक बोचतो. तज्ज्ञ सांगतात की नवा पदार्थ मूल लगेच स्वीकारत नाही. तो आठ-पंधरा वेळा न रागावता समोर ठेवावा. सल्ला खरा आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की आठ-दहा वेळा तो पदार्थ टाकून द्यायची तयारी हवी. केटलिन डॅनियल या समाजशास्त्रज्ञ महिलेने अमेरिकेतील पालकांचा अभ्यास करून २०१६ मध्ये नेमके हेच दाखवले: कमी उत्पन्नाचे पालक मूल नक्की खाईल तेच विकत घेतात, कारण नाकारलेल्या अन्नाचा खर्च त्यांना झेपत नाही. पोषणाविषयीचे त्यांचे अज्ञान नव्हे, तर वाया जाण्याची धास्ती ही निवड करत होती. मुलाला 'नको' म्हणू देणे ही तेव्हा केवळ उदार वृत्तीची गोष्ट राहत नाही. 'नको'ची किंमत असते आणि ती कोणी तरी मोजत असते. ज्यांनी ती कधी मोजली नाही त्यांनी उपदेशाचा स्वर जरा उतरवावा.

एवढे मान्य केल्यावर आग्रह चुकतो कुठे? तो चुकतो स्वतःच्याच कसोटीवर; ज्यासाठी करायचा तेच त्याने साधत नाही. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील लीन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात बालवाडीच्या वयाच्या मुलांना दोन प्रकारचे सूप दिले. एकाच्या वेळी 'सूप संपव' असे मधूनमधून सांगितले, दुसऱ्याच्या वेळी कोणी काही बोलले नाही. ज्याचा आग्रह झाला ते मुलांनी कमी घेतले आणि त्याला नावेही अधिक ठेवली. याच संशोधिकेच्या गटाने १९८७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. पोट भरल्याच्या जाणिवेकडे लक्ष द्यायला शिकवलेली मुले आधी जड खाणे झाले असेल तर पुढे आपोआप कमी खात. ताट रिकामे करण्यावर लक्ष ठेवायला शिकवलेल्या मुलांत ही जुळवाजुळव मंदावली. म्हणजे ताटाकडे बघायला शिकवले की पोटाकडे बघणे सुटते. भुकेची किंमत ज्याला सर्वांत जास्त कळते, त्याच माणसाने मुलाला भूक ओळखायचे विसरायला लावावे, यासारखा उफराटा न्याय दुसरा नसेल.

इथे पहिल्या तटालाही एक आवर घालायला हवा. ज्या मुलांना आग्रह होतो ती पुढे कमी खातात किंवा अशक्त राहतात, असे आकडे दाखवून आग्रहाला दोषी ठरवण्याची पद्धत आहे. पण जे मूल हडकुळे, त्यालाच पालक जास्त आग्रह करतात, ही साधी गोष्ट त्यात निसटते. छत्री दिसली की पाऊस छत्रीमुळे पडला असे म्हणण्यासारखे ते आहे. तसेच क्लारा डेव्हिस या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ महिलेच्या प्रयोगाचे. १९२६ पासून काही वर्षे त्यांनी अंगावरचे दूध नुकतेच तुटू लागलेली १५ बालके सांभाळली. प्रत्येक जेवणाला ३४ पदार्थांच्या यादीतले कित्येक पदार्थ वेगवेगळ्या भांड्यांत समोर मांडले जात. परिचारिका चमचा हातात घेऊन गप्प बसे, आणि बाळाने बोट दाखवल्याशिवाय किंवा हात पुढे केल्याशिवाय चमचा हलवत नसे. मुले धष्टपुष्ट झाली. बाळ स्वतःचा आहार स्वतः निवडू शकते, असा याचा डांगोरा आजही पिटला जातो. डेव्हिस यांनी मात्र १९३९ मध्ये स्पष्ट लिहिले होते की खरी मेख पदार्थांच्या यादीत आहे. त्या यादीत साखर किंवा मैद्यासारखे काही नव्हतेच. ३४ पदार्थ मोठ्यांनी निवडलेले होते आणि त्यांतले कित्येक प्रत्येक जेवणाला वेळेवर येत होते. बाळाच्या स्वातंत्र्याच्या पाठीशी मोठ्यांची एवढी तजवीज उभी होती. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी पुढे हीच विभागणी मांडली: काय, केव्हा आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. यातली मोठ्यांची बाजू निव्वळ खात्रीची आहे, आणि ती सांभाळायला भूक सोसलेल्या माणसाइतका तत्पर पहारेकरी कोण मिळणार?

अलीकडे या वादात एक तिसरा सूर शिरला आहे: पूर्वजांची भूक रक्तातच उतरते, तेव्हा आईबापांचा आग्रह काय किंवा मुलाचा लठ्ठपणा काय, कोणाच्याच हातात नाही. यासाठी नेदरलँड्समधील १९४४-४५ च्या 'भुकेच्या हिवाळ्या'चा दाखला देतात. जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम भागातील शहरांत माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला आणि वीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्या काळात पोटात असलेल्या मुलांचा पुढे कसून अभ्यास झाला हे खरे आहे, आणि सहा दशकांनंतरही त्यांच्या एका जनुकावरील रासायनिक खुणांत भावंडांच्या तुलनेत लहानसा फरक आढळल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पण त्याच हिवाळ्यावरचा १९७६ चा जुना अभ्यास पाहा. गरोदरपणाच्या पूर्वार्धात उपासमार झालेल्यांमध्ये तरुणपणी लठ्ठपणा जास्त आढळला. शेवटच्या महिन्यांत किंवा जन्मानंतर लगेच झालेल्यांमध्ये तो कमी आढळला. एकच हिवाळा, एकच भूक, आणि खुणा परस्परविरुद्ध. शिवाय हे सगळे गर्भातल्या शरीराविषयी आहे. मुलाला कसे भरवायचे, याचा निर्णय या संशोधनातून कोणाच्या हातून सुटत नाही.

नियम मात्र रक्ताशिवायही उतरतात, आणि कारण संपल्यावरही टिकतात. ताट स्वच्छ करण्याची शिस्त आपण उपासमारीची शिकवण समजतो. अमेरिकेत ती १९१७ नंतर सरकारने शिकवली. हर्बर्ट हूवर यांच्या अन्न प्रशासनाने युद्धकाळात युरोपला धान्य पाठवता यावे म्हणून ताटात कण सोडणार नाही अशी प्रतिज्ञा शाळकरी मुलांकडून करवली. पण त्या प्रतिज्ञेत दोन जेवणांच्या मध्ये खाणार नाही, हेही होते. युद्ध संपले, दुसरी अट लोक विसरले, पहिली तेवढी घरोघर राहिली. ब्रिटनमधले उदाहरण याहून बोलके आहे. तिथे जानेवारी १९४० पासून जुलै १९५४ पर्यंत अन्नाचे रेशनिंग होते. अन्न कमी होते, पण प्रत्येकाचा वाटा ठरलेला होता, बाळांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी दूध राखून ठेवलेले होते, आणि युद्ध संपताना बालमृत्यूचे प्रमाण सुरुवातीपेक्षा खाली आलेले होते. टंचाई आणि उपासमार यांत इतके अंतर असते. खात्री मात्र मोडली की काय होते, तेही तिथेच दिसले: एप्रिल १९४९ मध्ये गोळ्या-चॉकलेटवरील बंधन उठवले, लोक असे तुटून पडले की ऑगस्टमध्ये ते पुन्हा लादावे लागले आणि १९५३ पर्यंत ठेवावे लागले. आज मिळते आहे, उद्याचे माहीत नाही, असे वाटले की शिस्तीचा देशही लहान मुलासारखा खातो.

भूक सोसलेले सगळेच आईबाप आग्रही होतात असेही नाही, आणि ही गोष्ट वादात कोणी काढत नाही. काही जण मुलाला कशालाच नाही म्हणू शकत नाहीत. मुलाने मागितले आणि मिळाले नाही, हा क्षण त्यांना स्वतःच्या घरात नको असतो. काही जण उलट सगळे मोजून वाढतात आणि डब्यांची झाकणे घट्ट लावून ठेवतात. आग्रह करणारी आई आणि कुलूप लावणारी आई बाहेरून परस्परविरुद्ध दिसतात, पण दोघींचाही उद्यावर विश्वास नसतो. म्हणून 'आग्रह सोडा' हा सल्ला निम्म्या घरांत गैरलागू ठरतो आणि उरलेल्यांत अपमानकारक.

राहिला कृतज्ञतेचा मुद्दा. अन्नाची किंमत मुलाला कळली पाहिजे, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. पण जगात कितीतरी मुले उपाशी झोपतात, म्हणून तू हा घास खा, या वाक्यात तर्क कुठे आहे? भरल्या पोटी खाल्लेला घास त्या मुलांपर्यंत पोचत नाही; पोचते ती फक्त अपराधीपणाची भावना, तीही चुकीच्या पत्त्यावर. आठवण सांगायचीच असेल तर ताट बाजूला ठेवून सांगावी, नावानिशी, काळवेळेसह, जशी घरातली कोणतीही खरी गोष्ट सांगतात. भुकेच्या आठवणीतून मोठे काही उभे राहिले ते ती अशी ताटाबाहेर आणल्यामुळे. बालपणी उपासमार पाहिलेले एम. जी. रामचंद्रन यांनी मुख्यमंत्री असताना १९८२ मध्ये तमिळनाडूत पौष्टिक आहार योजना सुरू केली. गरिबीत वाढलेले लुला ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा, २००३ मध्ये, प्रत्येक नागरिक दिवसातून तीन वेळा जेवला तर माझ्या आयुष्याचे कार्य पूर्ण झाले असे म्हणाले. दोघांच्या राजकारणाबद्दल हवे तेवढे मतभेद असोत. दोघांनी देऊ केले ते ठरलेल्या वेळी येणारे जेवण, आग्रहाचा घास नाही.

आमच्या घरात तोडगा निघाला तो कोणत्याही युक्तिवादाने नाही. एका रात्री नात उठून गेल्यावर वडिलांनी नेहमीप्रमाणे ताट उचलले, आणि माझी आई म्हणाली, "खाऊ नका, झाकून ठेवा. भूक लागली तर मागेल." त्यांनी जरा विचार केला. मग नातीला हाक मारून ताट कुठे ठेवले आहे ते दाखवले आणि म्हणाले, "हे तुझंच आहे हं. कोणी खाणार नाही." ती मान हलवून खेळायला गेली. ती काही परत आली नाही. झोपण्यापूर्वी वडिलांनी झाकण दोनदा उचलून पाहिले, आणि पुन्हा नीट बसवले.